दोन विटा आणि माझा अर्ज

उस्ताद, तुम्हाला माहीत होतं का?

एवढंच विचारायचं होतं. ते राहिलं आणि तुम्ही गेलात. तुमच्या प्रकाशचा फोन आला, "ताई, बाबा गेले पहाटं." खोटं कशाला बोलू, रडू नंतर आलं. आधी मनात आलं, सुटला हा माणूस, उत्तर न देता सुटला. तुमच्यावर मी आयुष्यभर संशयच घेत आले. तुमच्या मरणाच्या बातमीवरसुद्धा आधी तोच आला, काय करू.

ज्या अर्जामुळं फायर पथकाची ड्रिल तुमच्या हातनं गेली, तो अर्ज माझ्या अक्षरातला होता. दहावीत होते मी. हे तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं, यावर माझं सगळं अडलंय. ठाऊक असेल, तर तुम्ही मला माफ केलंत आणि वर माझं कौतुकही करत राहिलात. ठाऊक नसेल, तर ज्या पोरीचं कौतुक करत होतात ती मी नव्हतेच. दुसरीच कुणी भली पोर तुम्ही माझ्या जागी उभी केली होती. मग ते कौतुक मला परत करावं लागेल. कुणाला करू?

तुम्हाला तुमची बाजू ठाऊक आहे, भिंतीच्या आतली. माझी बाहेरची होती, ती तुम्ही कधी ऐकली नाही. आता ऐका.

चिकलठाण्याच्या अंगाला तुमची कंपनी आणि तिच्या मागच्या भिंतीला चिकटून उतारावर आमची वस्ती. आमचे आण्णा कंपनीतच, पण ठेकेदाराकडं, लोडिंगला. म्हणजे कंपनीचे होते आणि नव्हतेही. भिंतीत एक जाळीचं गेट होतं, कायम कुलपात. जाळीपलीकडं कंपनीच्या फायर पथकाचं मैदान. सकाळी साडेसहाला तुमची शिट्टी वाजली की मी दप्तर पाठीला लावून जाळीशी हजर. शाळा साडेसातची. तेवढा वेळ माझ्या हक्काचा.

आठ जण शिडी खांद्यावर घेऊन पळायचे. वाळू भरून माणसासारखं शिवलेलं एक पोतं होतं, त्याला तुमची पोरं 'पाव्हणा' म्हणायची. पाव्हण्याला लोखंडी मनोऱ्यावरून खांद्यावर टाकून खाली आणायचं. एकदा एका नव्या पोरानं त्याला शेवटच्या पायरीवर आपटला. तुम्ही शिट्टी मारून सगळी ड्रिल थांबवलीत.

"माफी माग."

"कोणाची, उस्ताद?"

"पाव्हण्याची. डोकं फुटलं की त्याचं."

आणि त्या दाढी-मिशा आलेल्या पोरानं हात जोडून पोत्याची माफी मागितली. मी जाळीला धरून हसत सुटले. तुम्ही मान वळवलीत. "ए जाळीवरची! दात काय काढतीस? आग लागली की पाव्हणी तूच आसशील." त्यानंतर कितीतरी दिवस मी त्या आठ जणांकडं निरखून बघायचे आणि ठरवायचे, कोणाच्या खांद्यावर जायचं आणि कोणाच्या अजिबात नाही.

आठवडाभर ड्रिल कोरडी. शहरात नळाला आठवड्यानं पाणी, आमच्या वस्तीला टँकर सोमवारी आणि शुक्रवारी, कंपनीच्या टाकीचं पाणीही जपून. त्यामुळं पाइप अंथरायचा, जोडायचा, तोंडाची पितळी ब्रांच दोघांनी धरायची आणि तुम्ही ओरडायचं, "पाणी चालू!" पाण्याचा थेंब नसायचा. तरी ते दोघं पाय रोवून रेटा द्यायचे, जशी काय धार सुटलीय. जो नुसता उभा राहायचा त्याच्या पोटरीवर तुमची छडी बसायची. "पाणी आलं, तुझ्या अंगाला कळलं का नाय?" आम्हा पोरांना तो खेळ इतका आवडायचा की आम्ही वस्तीत सुतळी धरून तेच करायचो.

ओली ड्रिल फक्त गुरुवारी. आणि गुरुवारचं तुमचं एक वेगळंच होतं, ते माझ्या नजरेतनं सुटलं नाही. बाकीचे दिवस पाइपाचं तोंड मैदानाच्या पलीकडच्या भिंतीकडं. तिथं लाल गोल काढलेला होता, नेम धरायला. गुरुवारी तुम्ही पथकाला उलटं फिरवायचात, आमच्या भिंतीकडं. पोरं बंबाच्या गाडीपाशी पाइप काढत असायची तेवढ्यात तुम्ही एकटे भिंतीशी येऊन बुटाच्या टाचेनं खालच्या थरातल्या दोन विटा हलवायचात, मग उकिडवे बसून काढून बाजूला ठेवायचात. मग "पाणी चालू!" धार भिंतीवर आदळून खाली यायची आणि त्या भोकातनं आमच्या उताराला लागायची. तिथं बायांनी चर खणून त्याला दगड लावून ठेवलेले. हंडे, बादल्या, तेलाचे डबे, सगळं रांगेत. पिण्याजोगं नव्हतं ते, पण धुण्याभांड्याला आणि पोरांच्या अंघोळीला शुक्रवारच्या टँकरपर्यंत निभायचं. ड्रिल संपली की विटा परत जागेवर. तुम्ही हात झटकून उठायचात, जसं काही झालंच नाही.

आता वस्तीनं काय म्हणावं? वस्तीनं संशय घेतला. फुकट आलेल्या गोष्टीवर आमच्याकडं कोणी विश्वास ठेवत नाही आणि त्यात फार चूक आहे असं मला आजही वाटत नाही.

"कंपनी फुकटात घामबी देत नाय," आण्णा म्हणायचे. "ह्याच्यात काहीतरी डाव हाय."

"कसला डाव?" आई विचारायची.

"उद्या म्हणतील, पाणी आमचं वापरता, जागाबी आमचीच. करा खाली."

कोणी म्हणालं, त्या उस्तादाची नजर बरी नाय, म्हणून बायांकडं पाणी सोडतो. यावर शेजारच्या सखूमावशी हंडा घासता घासता म्हणाल्या, "नजर आसती तर रोज सोडलं आसतं. हप्त्यातनं एकदा कसली गं नजर?" सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पण संशय असा हसून जात नाही.

मग एक दिवस टेप घेऊन दोन माणसं आली आणि भिंतीपासून रस्त्यापर्यंत मोजून गेली. झालं. आण्णांना डाव सापडला. चार घरची माणसं आमच्या ओट्यावर बसली आणि ठरलं, कंपनीच्या मोठ्या साहेबाला अर्ज करायचा. नाव कोणाचंच नाही, सही नाही, अंगठा नाही, खाली नुसतं 'समस्त रहिवासी'. कारण निम्मी वस्ती ठेकेदाराकडं कामाला. नाव कळलं की दुसऱ्या दिवशी गेटवरनं माघारी.

"कचेरीसमोर बसणाऱ्या अर्जवाल्याकडनं लिहून आणू का?" कोणीतरी विचारलं.

"कशाला?" आण्णा म्हणाले. "आपली पोरगी लिहील."

उस्ताद, तुम्ही त्या वेळचं आण्णांचं तोंड बघायला पाहिजे होतं. आमच्या घराण्यात तोवर कागद दुसऱ्यानं लिहायचा आणि आम्ही अंगठा टेकवायचा. मी फुलस्केप कागदाला समास दुमडला आणि शाळेत बक्षीस मिळालेल्या अक्षरात आण्णा सांगतील ते लिहिलं. कंपनीचं पाणी वस्तीत सोडलं जातं, चिखल होतो, डास होतात, यामागे जागेचा हेतू दिसतो, तरी हा प्रकार बंद व्हावा. पण माझं मन भरेना. मराठीच्या बाईंनी शिकवलं होतं, तक्रारीला पुरावा पाहिजे. आणि पुरावा तर माझ्याकडंच होता. मी आपल्या मनानं एक वाक्य घातलं: 'दर गुरुवारी ड्रिल सुरू होण्यापूर्वी उस्ताद स्वतः भिंतीतील खालच्या दोन विटा काढून ठेवतात व ड्रिल संपल्यावर परत बसवतात.'

वाचून दाखवलं तेव्हा आण्णा म्हणाले, "वा! हे तुला कुठनं कळलं?"

इतकं बरं वाटलं मला. आमच्या घरात तोवर कोणी कोणाला 'वा' म्हटलं नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात गुरुवारी बाया चरीशी येऊन बसल्या. शिट्टी वाजली, पण तुमची नव्हती. मी जाळीशी होते. आमच्या भिंतीचा खालचा थर ओल्या सिमेंटनं लिंपलेला होता. पाइपाचं तोंड पलीकडं, लाल गोलाकडं. पाणी तिकडंच पडलं आणि तिकडंच मुरलं. शिट्टी मारणारा माणूस जाळीजवळ आला आणि मला म्हणाला, "चल हो, इथं थांबायचं नाय." बाया रिकामे हंडे घेऊन उठल्या. कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. सखूमावशी म्हणाल्या, "कोणाच्या डोळ्यात खुपलं गं आपलं चार हंडे पाणी?" माझी आई माझ्याकडं बघत होती. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "झालं मनासारखं?"

टेपवाली माणसं ड्रेनेज लाइनची होती, हे पुढं कळलं. ती लाइनही काही आली नाही.

तुम्हाला सिलिंडरच्या खोलीत टाकलं. आग विझवायचे लाल सिलिंडर पुसायचे, त्यांना तारखेच्या चिठ्ठ्या बांधायच्या. ज्या माणसाच्या शिट्टीवर आठ जण मनोऱ्यावर चढायचे, तो माणूस चिठ्ठ्या बांधत बसला, रिटायर होईपर्यंत. आणि मी मनाशी एकच घोकत राहिले: मी खोटं काही लिहिलं नाही. लिहिलं ते खरं होतं. तुम्ही विटा काढत होतातच की.

पण तुम्हाला कळलं होतं का? बाया भिंतीच्या बाहेर असायच्या, त्यांना नुसतं भोक दिसायचं. पोरं गाडीपाशी. विटा काढणारा हात दिसायचा तो जाळीतनं तिरकं बघणाऱ्यालाच. तुम्ही अर्ज वाचला असेल तर तुम्हाला ओळखायला कितीसा वेळ लागला असता? पण तुम्हाला तो वाचायला दिला का? इथनं माझा संशय सुरू झाला आणि तुमच्या प्रत्येक चांगुलपणाला चिकटत गेला.

मी बारावीत असताना तुम्ही घरी आलात. आईनं चहा ठेवला. तुम्ही म्हणालात, "पोरी, रजेचा एक अर्ज लिहून दे. माझं अक्षर म्हंजी कोंबडीचे पाय." मला वाटलं, हा सापळा आहे. हा माणूस अक्षर ताडून बघायला आलाय. मग मी काय केलं ठाऊक आहे? डाव्या बाजूला कलवून, वेडंवाकडं, काना एकीकडं नि मात्रा एकीकडं, असा अर्ज लिहून दिला. शाळेत अक्षराला बक्षीस मिळालेली मुलगी! तुम्ही कागद लांब धरून बघितलात. मग माझ्याकडं बघितलंत.

"हात दुखतोय का गं?"

"नाही."

"बरं, बरं. डागदर व्हायची लक्षणं हायेत म्हंजी."

कागद घडी करून खिशात घातलात आणि चहा बशीत ओतून प्यालात. मला आजवर कळलेलं नाही, ती थट्टा होती की तुम्ही मला सांगत होतात, कळलं बरं का मला.

पदवी मिळाली तेव्हा तुम्ही परत आलात. आमच्या खानदानात पहिली पदवी माझी, हे मी कुठंही सांगते, लाजत नाही. तुम्ही अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं म्हणालात, "आमच्या जाळीवरची ग्रॅज्युएट झाली हो!" आणि हातात काय दिलंत? पेन. पेढे नाही, साडी नाही, पेन. दुसरं काही सुचलं नाही तुम्हाला? की सुचूनच आणलं होतं? मी वाकून पाया पडले तेव्हाही तुमच्या तोंडाकडं चोरून बघत होते. आता मी एका कॉलेजच्या ऑफिसात बसते, दिवसभर लोकांचे अर्ज तपासते. त्या पेनाला अजून शाई लागलेली नाही.

एकदा मी सांगणारच होते. दोन-अडीच वर्षं झाली असतील. मध्यवर्ती बसस्थानकावर तुम्ही भेटलात, गावी निघालेले, हातात औषधांची पिशवी. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मी धीर करून म्हटलं, "उस्ताद, तुमाला एक सांगायचं होतं. लई जुनं हाय."

"गाडी लागली गं," तुम्ही म्हणालात आणि समोर उभ्या असलेल्या गाडीत चढलात.

ती गाडी सिल्लोडची होती, उस्ताद. तुमच्या गावाकडची, कन्नडची, अजून लागलीच नव्हती. मी फाटकापर्यंत जाऊन वळून बघितलं, तर तुम्ही पिशवी सावरत सावकाश खाली उतरत होतात. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता हे मला ठाऊक आहे. तरी त्या दिवसापासून मी म्हणते, मोतीबिंदूनं माणूस चुकीच्या गाडीत चढेल. पण अशा नेमक्या वेळी?

तेराव्याला मला रजा मिळाली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी आले. कन्नडला उतरून जीपनं तुमच्या गावी. तुमच्या घरच्या मावशी ओसरीत बसल्या होत्या. तुम्ही कितीदा आग्रह केलात, घरी ये, तुझ्या मावशीच्या हातचं खा. आले ती अशी. त्यांनी मला ओळखलं. "जाळीवरची ना तू? लई नाव काढायचे तुझं." मग पेन्शनचे कागद माझ्यापुढं ठेवले. प्रकाश गडबडला होता, रकाने कळेनात म्हणाला. मी भरायला घेतलं. शेवटच्या हुद्द्याच्या रकान्यापाशी आले आणि हात थांबला. मी विचारलं, "मावशी, ड्रिल कशी काय सुटली हो त्यांची?"

बघा, तिथंही मी चोरासारखीच विचारत होते.

मावशींनी सगळं सांगितलं, पाठ असलेल्या गोष्टीसारखं. साहेबानं तुम्हाला बोलावलं आणि अर्ज पुढं टाकला. "म्हणला, हे आक्षर वळखतो का? आपल्या ठेकेदाराचीच माणसं ऱ्हात्यात तिथं. नाव सांग, उद्या काढतो त्याला."

माझे आण्णा. त्याच ठेकेदाराकडं.

"मग?"

"मग काय? हे म्हणले, साहेब, त्या वस्तीत आसं लिव्हणारं कोणबी नाय. कचेरीसमोरनं लिव्हून आणलंय कोणीतरी."

"आणि विटांचं?"

"ते खरं हाय म्हणले. मीच काढतो म्हणले. साहेबानं इचारलं, का काढतो? तर म्हणले, पाणी साचून भिंत खचंल म्हणून. मी घरी म्हणलं त्यांना, भिंतीची येवढी काळजी, तर गुरवारी तिच्याकडंच कशाला पाणी मारता?"

"काय म्हणाले?"

"म्हणले, भाकर वाढ."

मी हसले. मावशीही हसल्या, डोळे पुसत. मग मी विचारलं: "अर्ज कोणी लिहिला, ते त्यांना ठाऊक होतं का?"

"तेबी इचारलं व्हतं मी. भाकर थंड व्हाया लागली म्हणले."

पेन्शनच्या कागदावर माझा हात होता, अक्षर समोर होतं. मी म्हटलं, "मावशी, तो अर्ज मी लिहिला होता. विटांचं वाक्यसुद्धा माझंच. पण खोटं नव्हतं लिहिलं मी."

ओसरीच्या कडेला कोंबड्या दाणे टिपत होत्या, मावशी त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "खोटं लिव्हलं आसतंस तर निभावलं आसतं. नाय म्हणले आसते आन् सुटले आसते. तू खरं लिव्हलंस. खऱ्याला नाय म्हणता यायचं नाय त्यांना." आणि थोड्या वेळानं, "ते जिते व्हते तवा का नाय गं सांगितलंस?"

सिल्लोडच्या गाडीचं मी त्यांना सांगितलं नाही. ते तुमच्या-माझ्यातलं आहे. मी कागद पुरे केले, माझ्या खऱ्या अक्षरात, एकही खाडाखोड न करता. निघताना मावशींनी बांधून दिलेली भाकर घेतली आणि जीपमध्ये बसले.

तेव्हापासून मी एकाच गोष्टीपाशी फिरतेय. नोकरी जायची वेळ आली तेव्हा कारण काहीही सांगितलंत, पण विटा काढल्याच नाहीत असं तुम्ही म्हणाला नाहीत. स्वतःसाठी ज्याला धडधडीत खोटं बोलता आलं नाही, तो माणूस माझ्यासाठी बोलला का? की बोललाच नाही? की तुम्हाला मनापासून वाटत होतं, त्या उतारावरच्या वस्तीत असं अक्षर कोणाचं असूच शकत नाही? तसं असेल तर उस्ताद, मला राग येतो तुमचा. मला, माझ्या शाळेला, आण्णांच्या त्या 'वा'ला तुम्ही मोजलंच नाही. आणि तसं नसेल, तर माझे आण्णा पुढची अकरा वर्षं कंपनीच्या गेटमधनं आत गेले ते तुमच्या एका खोट्यावर गेले, आणि माझी फी, माझी पुस्तकं, माझी पदवी त्याच गेटमधनं बाहेर आली.

पाण्यामागं डाव आहे म्हणालो, डाव नव्हता. तुमची नजर वाईट म्हणालो, तीही नव्हती. तुमच्यावरचा एकेक संशय खोटा निघत गेला. हा एकच उरलाय, की तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. हा तरी खरा निघू द्या.